न विचारता सांगायचे नाही : देगलूर ते लातूर, अंपायरच्या निवडीसाठी

“अहो, सॉफ्टबॉलचे अंपायर वरच्या स्पर्धांना निवडतात तरी कसे?” हा प्रश्न माझ्या पत्नीचा, मालतीचा. देगलूरच्या शालेय सामन्यांत मी बारा वर्षे अंपायर म्हणून उभा राहिलो, तरी मला त्याचे उत्तर देता आले नव्हते. मालती गेल्या श्रावणात गेली. चैत्रात लातूरच्या विभागीय निवड चाचणीचे पत्रक आले. त्यात वयाची अट होती आणि त्या अटीत बसण्याचे माझे हे शेवटचे वर्ष होते. मी अर्ज भरला.

शनिवारी सकाळी साडेसहाच्या एसटीने निघालो. उदगीरमार्गे लातूरला चार तास लागतात, तिकीट सव्वाशेच्या आसपास. कुणाला जायचे असल्यास घरचे पाणी भरपूर न्यावे. यंदा वाटेतल्या हॉटेलांत टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवणे बंद झाले आहे. उदगीरच्या स्थानकावर गरम सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा उपमा, खाल्ली, तीही कागदी बशीत, कारण बशा विसळायला पाणी नाही.

मागच्या बाकावर नव्या जिल्ह्याची चर्चा रंगली होती.

“उदगीर जिल्हा झाला की कलेक्टर दारात येतोय बघा.”

“आगुदर टँकर येऊ द्या दारात. कलेक्टरचं मागून बघू.”

उदगीरला चढलेल्या एका तरुण बाईंनी माझ्या हातातले नियमांचे पुस्तक पाहिले. “चाचणीला का सर? मीबी तिकडंच. सुजाता. जळकोटच्या शाळेत पीटी शिकवते.” प्रत्येक जिल्ह्यातून ठरावीक संख्येनेच नावे चाचणीला जातात, हे मला त्यांच्याकडून कळले. “म्हणून म्हणते, नवा जिल्हा होऊ द्या. आमची नावं येगळी जातील. सध्या लातूरची मंडळी आम्हाला धरत न्हाईत,” असे म्हणून त्या हसल्या.

लातुरात स्थानकाजवळ तीनशे रुपयांत खोली मिळाली. सोबत एक बादली पाणी, “दुसरी मागू नका” या सूचनेसह. रस्त्याच्या कडेला टँकरसाठी घागरींची रांग होती आणि तिच्या शेजारून शिकवणी वर्गांची मुले दप्तरे सांभाळत चालली होती. या शहरात पिण्याचे पाणी रेल्वेने येते, हे वाचले होते. ती रांग पाहिल्यावर खरे वाटले.

रविवारी सकाळी आधी लेखी परीक्षा झाली, मग आवाज आणि हातांच्या खुणा. दोन्हींत मी निर्धास्त होतो. शेवटी प्रत्यक्ष सामना, दोघादोघांच्या जोडीने. माझ्या जोडीला सुजाता मॅडम आल्या. जाळीमागे तीन परीक्षक कागद घेऊन बसले होते. नवल असे, की ते चेंडूकडे पाहतच नव्हते. आम्ही कुठे उभे राहतो आणि कुणाकडे पाहतो, एवढेच टिपत होते.

पहिल्या डावात होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या पाठीशी, मी आणि मैदानात मॅडम. तिसऱ्या बेसवरची मुलगी होम प्लेटकडे धावत येऊन घसरली आणि कॅचरने तिला चेंडू टेकवला. मैदानावर पाणी मारलेले नव्हते. फुफाटा असा उठला की दोघी दिसेनाशा झाल्या. मी खणखणीत आवाजात “आउट” दिला.

त्या मुलीचे प्रशिक्षक धावत आले. “सर, कॅचरच्या हातातून बॉल पडला की वो, आउट कसा? त्या मॅडमला तर इचारा!”

मी मॅडमकडे पाहिले. त्या ताठ उभ्या होत्या, चेहऱ्यावर काहीही नाही. मी म्हणालो, “निर्णय अंतिम आहे.”

दुसऱ्या डावात आमच्या जागा बदलल्या. तशाच एका प्रसंगी मॅडम सरळ माझ्याकडे चालत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मला दिसलं न्हाई सर. तुम्हाला?” मी सांगितले. त्यांनी सगळ्यांदेखत आपला निर्णय फिरवला. आता यांचे गुण गेले, असे मला वाटले.

दुपारी यादी लागली. सुजाता मॅडमचे नाव होते, माझे नव्हते. माझ्या कागदावर नियम, आवाज आणि खुणा यांपुढे उत्तम शेरे होते. खाली लिहिले होते : सहकाऱ्यास विचारत नाहीत.

चहाच्या टपरीवर मी विचारले, “पहिल्या डावात चेंडू पडला होता का?”

“हाव. माझ्या बाजूनं साफ दिसला.”

“मग सांगितले का नाही?”

“सर, नियम तुमालाच पाठ हाय की. जोडीदारानं इचारल्याबिगर सांगायचं नसतं. तुम्ही इचाराल म्हणून मी वाट बघत होते.” मग त्या ओशाळल्या. “चहा घ्या, गार होतोय.”

परतीच्या गाडीतून त्या उदगीरला उतरल्या.

मालतीने एकदाच म्हटले होते, “अहो, पोटात सारखं दुखतंय.” मी “ॲसिडिटी आहे” असा निर्णय दिला होता. ती पुन्हा बोलली नाही आणि मीही विचारले नाही. चार महिन्यांनी डॉक्टरांनी उशीर झाल्याचे सांगितले. त्या दिवसांत आमची मुलगी ऋचा घरीच होती.

निवड कशी करतात, ते आता मला सांगता येईल. नियम पाठ असणे पुरत नाही, एवढे वाचकांनीही ध्यानात ठेवावे.

सोमवारी सकाळी ऋचाला नांदेडला फोन लावला. एरवी मी सूचना देतो आणि ती “हो बाबा” म्हणते. या वेळी विचारले, “आई आजारी होती, तेव्हा तुला काय दिसले होते?”

“बाबा, आधी खाली बसा,” ती म्हणाली.

मी बसलो आणि ती सांगू लागली.