समृद्धी आणि तिच्या हाताखालच्या बायका

उद्या कामावर गेल्यावर समृद्धीला त्या बायकांसमोर मान वर करता येईल का? संध्याकाळपासून हा विचार डोक्यातून जात नाही.

समृद्धी माझी थोरली लेक. आमच्या डिंगोरे गावात वाढली, कृषीची पदवी घेतली. कामाला चटपटीत, पण मोठ्या माणसाला तोंडावर काही सांगायची वेळ आली की तिची जीभ अडते. लहानपणी आजोबांनी टीव्ही मोठा लावला की ती धाकट्या भावावर ओरडायची, "कान फुटतील ना रे तुझे!" आजोबा मुकाट आवाज कमी करायचे. आम्हाला तिचं हसू यायचं.

या हंगामापासून ती नारायणगावजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे, तिथेच खोली घेऊन राहते. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांचे खराब मणी कात्रीने काढायचे आणि घड पेटीत भरायचे, असं तिथलं काम. हाताखाली वीसेक बायका. नुकत्याच बारावी झालेल्या पोरी, त्यांच्या आयांच्या वयाच्या बाया, आणि साठी ओलांडलेल्या माझ्या चुलत जाऊबाई, साळुबाई. पोरी तिला मॅडम म्हणतात, साळुबाई 'समे' म्हणतात. जेवायला पोरी एकीकडे, थोरल्या दुसरीकडे, आणि समृद्धी केबिनमध्ये एकटी.

वाद बांगड्यांवरून झाला. काच फुटून पेटीत गेली तर सगळा माल परत येतो, म्हणून हॉलमध्ये काचेच्या बांगड्या चालत नाहीत. पोरींनी काढल्या. साळुबाई ऐकेनात.

"तुझा चुलता जित्ता हाय अजून. तुझ्या द्राक्षांपायी हात मोकळं करू व्हय गं?"

बाकीच्या थोरल्या हसल्या. समृद्धी पेट्या मोजायला वळली.

सोमवारी तपासणीला माणसं येणार होती आणि साळुबाईंच्या हातात बांगड्या होत्याच. त्यांना काही न बोलता समृद्धी शेजारी उभ्या असलेल्या सुप्रियाकडे वळली. तिचं मनगट धरून वर केलं आणि सगळ्यांना म्हणाली, "हिच्याकडून शिका जरा. हात असे पाहिजेत!"

सुप्रिया आणे पठारावरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली तरुण पोर. दिवाळीत तिचा नवरा अपघातात गेला. हॉलमधल्या प्रत्येकीला हे माहीत होतं. माझ्या लेकीला नव्हतं.

सुप्रियाने हात सोडवून घेतला, कात्री टेबलावर ठेवली आणि निघून गेली. त्यानंतर ती आलेली नाही.

मला हे साळुबाईंनी फोनवर सांगितलं. "पुष्पे, लई शिकीवलीस लेकीला. पर संगं काम करणाऱ्या पोरीवर काय बेतलंय, एवढं बी इचारलं न्हाई तिनं. आन् मला बोलायचं व्हतं तर मलाच बोलायचं की! मी काय खाल्लं असतं तिला?"

मी फोन ठेवला. लेकीच्या हाताखाली एवढ्या बायका आहेत, म्हणून भावकीत मिरवणारी मीच होते.

संध्याकाळी समृद्धीचा फोन आला.

"आई, मी तिचं कौतुक करत होते गं."

"तिच्या घरी कोण आहे, कधी विचारलं नाहीस?"

"सगळ्यात चलाख आहे, एवढंच ठाऊक होतं. दोन महिने रोज किती पेट्या भरल्या, तेवढंच विचारलं मी तिला."

मग ती रडली. रडता रडता म्हणाली, "कामाच्या ग्रुपवर सॉरी टाकलंय. पण तू साळुकाकूंना सांग ना, त्यांनी जाऊन तिला समजावून आणावं. त्यांचं ऐकेल ती."

मी म्हणाले, "सांगते."

लेक रडत होती, म्हणून बोलून गेले. आता लिहायला बसले आहे आणि त्या एका शब्दाची लाज वाटते आहे. त्या पोरीचा हात भरल्या हॉलमध्ये धरायला माझी लेक स्वतः पुढे झाली, आणि माफी मागायला काकू जाणार. आणि मी काकूंना गळ घालणार! असंच चाललं तर माझी लेक पगारापुरती त्या बायकांची मॅडम राहील, आणि त्या तिला काहीच सांगणार नाहीत.

साळुबाईंना मी फोन करणार नाही. उद्या समृद्धीलाच करीन, ती कामाला निघायच्या आत. सांगेन, रजा टाक, पहिल्या गाडीने आण्याला जा, सुप्रियाच्या दारात उभी राहा. ती बोलली नाही तरी तुला बोलायचं ते बोलून ये. बांगड्यांचं काकूंना सांगायचं असेल तर काकूंच्या तोंडावर सांग.

ती म्हणेल, आई, तू पण चल ना. माझं पाऊल लगेच उचलेल, हे मला ठाऊक आहे. तरी नाही म्हणायचं. उजाडलं की लावते फोन.