तिच्या बोलीतलं नाटक

बायको क्षयाने गेली, त्याच्या पुढच्या वर्षी मी ते नाटक लिहिलं. आजारी बायको, तिचा शाळामास्तर नवरा आणि तिची आई, एवढीच त्यातली माणसं. मी मूळचा साताऱ्याकडचा, शिकवायला म्हणून काशीला आलेलो. ती मात्र इथलीच, दूधविनायकाच्या मराठी वस्तीत जन्मलेली. लिहून झाल्यावर नाटक कोणाला दाखवावंसं वाटेना.

पण त्या साली गंगा चढली, तळघरात पाणी शिरलं आणि गल्लीतल्या नाटकमंडळींचे मुकुट, शेले, पडदे सगळे कुजले. गणपतीत साध्या कपड्यांत होईल असं काहीतरी त्यांना हवं होतं. माझी सासू माझ्याकडेच राहत असे. तिनेच त्यांना सांगितलं, "जावयांनी लिहिलंय एक."

मी नाही म्हणू शकलो नाही, पण तालमीला एकदाही गेलो नाही.

नाटकातल्या बायकोचं काम शिंदे घाटावर पूजा सांगणाऱ्या एका भिक्षुकाकडे होतं. जाड मानेचा, भरड आवाजाचा माणूस. खेळाच्या रात्री तो लुगडं नेसून खाटेवर झोपलेला दिसला तेव्हा पुढची पोरं हसली. राजद्रोहाचं काही नाही ना, हे बघायला चौकीवरून आलेला शिपाईही हसला. उठून जावं, असं मला वाटलं.

मी लिहिलं होतं, "आज मला बरं वाटत आहे. आपण काळजी करू नये." तो म्हणाला, "आज जरा आराम आहे. तुम्ही घबराऊ नका, जेवून घ्या."

माझं वाक्य मोडलं म्हणून मी चिडलो. मग तो उशीवर मान वळवून म्हणाला, "खिडकी खोला ना जरा. दम घुटतो माझा."

ती अशीच बोलायची. नाटकाची भाषा शुद्ध हवी म्हणून मी तिच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली होती आणि त्या मराठीत तिचा आवाज मलाच ऐकू येईनासा झाला होता. पुढचा सगळा प्रवेश मी मान खाली घालून ऐकला. बघवलं नाही.

खेळ संपल्यावर मी आत गेलो. भिक्षुक तोंडाचा रंग पुसत होता. मला बघून तो ओशाळला.

"मास्तर, तुमची भाषा बदलली. माफी असावी. पण आमच्या ताईला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तोंडात बसेना."

"तुम्ही ओळखत होता तिला?"

"लहानपणी तिच्याच ओसरीवर खेळलो आम्ही."

मी वाकून त्याला नमस्कार केला. तो मागे सरकत म्हणाला, "अहो, हे काय करता?"

सासू बायकांच्या बाजूला, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसली होती. घरी परतताना दाराशी आल्यावर तिने विचारलं, "पुन्हा केव्हा करणार आहेत?"

"आता नाही. उद्या विसर्जन, मग मांडव उतरवतील."

"अच्छा," ती म्हणाली आणि मांडवाच्या दिशेने बघत उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.