फ्लॅट सात टक्के

फ्लॅट या शब्दाचा अर्थ मला कळतो, असं मी आठवडाभर सगळ्या गल्लीला सांगत होतो.

गाडीसाठी पाच लाखांचं कर्ज हवं होतं. बँक दहा टक्के सांगत होती, शोरूमवाला ‘फ्लॅट सात’. “फ्लॅट म्हणजे सपाट,” मी बायकोला समजावलं. “दरात चढउतार नाही. बँकेनं येडा समजलंय काय मला!” (दुधाचा हिशेबसुद्धा मी दोनदा तपासतो. त्यामुळे उलट बोलायची घरात कुणाची टाप नव्हती.)

ठरल्या दिवशी मुरगूडहून सासरे आले, झेंडूचा भला थोरला हार आणि नारळ घेऊन. गाडी ताब्यात घ्यायची आणि तिथूनच जोतिबाला जायचं, असा बेत.

शोरूममधला सेल्समन “सर, फ्लॅट सात टक्के” म्हणाला मात्र, सासरे खुर्चीतून उठलेच.

“गाडीवर फ्लॅट पण? कितव्या मजल्यावर?”

मी पोट धरून हसलो. मग समोरच्या कागदावर हप्ता पाहिला: अकरा हजार दोनशे पन्नास. खिशात बँकेचा कागद होता (बँकेची चूक चारचौघांत दाखवायला जपलेला!). त्यावर हप्ता दहा हजार सहाशे चोवीस.

दहा टक्क्यांचा हप्ता लहान आणि सात टक्क्यांचा मोठा? मुदत तर दोन्हीकडं पाचच वर्षं!

“मी दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार,” मी सेल्समनला विचारलं. “मग पाचव्या वर्षी व्याज कशावर?”

“पूर्ण पाच लाखांवर, सर. फ्लॅट म्हणजे तेच की.”

“आणि बँकेचं?”

“ते उरलेल्या मुद्दलावर.”

साठ हप्त्यांत साडेसदतीस हजारांचा फरक! मी पेनाला टोपण लावलं. “सही करणार नाही.”

“सर, आज केली तर मॅट फुकट.”

“अवो, मॅट फुकट हायत की!” बायको.

“साडेसदतीस हजारांत घराला फरशी होईल!”

फ्लॅटचा अर्थ कळताच सासरे हार-नारळ घेऊन कधीच बाहेर गेले होते. एवढ्यात तिथून हाक आली, “जावईबापू, या की!” काचेतून पाहतो तर गाडीच्या नाकावर हार आणि सासऱ्यांच्या हातात उगारलेला नारळ! मी धावलो.

“मामा, थांबा! गाडी आपली नाही!”

“मग कुणाची? हार घातलाय की म्यां!”

“काढा तो.”

“गाडीचा हार उतरवल्याला जलमात बघितला न्हाय!”

शेवटी अख्ख्या शोरूमसमोर तो मीच उतरवला. (पुढं आठवड्यात बँकेचं कर्ज झालं, गाडीही आली. हार घालायला कुणीही आलं नाही.) पण सासरे पेटले होते. जोतिबाला जायचं म्हंजे जायचंच. निघालो एस.टी.नं, मांडीवर हार घेऊन.

सुटायच्या आधी कंडक्टर म्हणाला, “पावणं, हार कुणाला?”

“गाडीला आणलाता,” सासरे म्हणाले.

“मग ही काय बैलगाडी हाय व्हय? द्या हिकडं!”

एस.टी.ला हार चढला. स्टँडवर नारळ फुटला. बायको खिडकीबाहेर बघत बसली.

तिकिटं काढताना मी म्हणालो, “हार आमचा, नारळ आमचा. काहीतरी कमी करा की.”

“न्हाय पावणं. तिकीट पुरं.”

मागच्या सीटवरून सासरे सगळ्या गाडीला ऐकू जाईल असे ओरडले, “फ्लॅट हाय, जावईबापू, फ्लॅट!”