चार पाय जमिनीवर

जयाताई शेंडे पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी गोटूकडे पाहिलंच नाही. दार उघडताच गोटू, आमचा बावीस किलोचा देशी कुत्रा, नेहमीसारखा अंगावर झेपावला. त्या नुसत्या वळल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. गोटूने पाठीवर दोनदा पंजे मारले, मग गोंधळून खाली उतरला. चारही पाय फरशीला लागले तशा त्या वाकल्या आणि त्याच्या तोंडापाशी एक फुटाणा धरला.

"किती दिवस हायेत?" त्यांनी मला विचारलं.

"अठरा."

बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं; अठरा दिवसांनी ते उरकून, वॉकर धरत ते घरी येणार होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की पडायचं नाही म्हणजे नाही. आणि गोटू तर दारातून येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर पाय ठेवायचा. तोवर तो सुधारला नाही तर कामठीची आत्या त्याला घेऊन जाणार होती. तिने मागचं अंगणही रिकामं करून ठेवलं होतं. बाबा "ठीक आहे" म्हणाले, पण त्या संध्याकाळी त्यांनी टीव्ही लावला नाही.

जयाताईंकडे कुठलं प्रमाणपत्र नाही. जरीपटका भागात कुत्री सांभाळायला ठेवतात अशा एका ठिकाणी त्यांनी अकरा वर्षं पिंजरे धुतले. एका हातात बादली, दुसऱ्या हातात झाडू. कडी काढली की कुत्री उड्या मारायची आणि बादली सांडायची. मग त्यांनी ठरवलं, चारही पाय खाली असल्याशिवाय कडी काढायची नाही. महिन्याभरात त्यांच्या रांगेतली कुत्री कडीचा आवाज आला की आपोआप बसायला लागली. शिट्टी घेऊन येणारे ट्रेनर दुसऱ्या रांगेत ओरडत असायचे. "मी काही शिकवलं नाही," जयाताई म्हणतात, "मले फक्त पाणी वाचवायचं होतं." आता त्या स्कूटरवरून घरोघरी जातात.

मी त्यांना माझा एक्सेलचा तक्ता दाखवला. एका दिवसात गोटूच्या चौदा उड्या.

"मोजलं हे चांगलं केलं. आता कोणावर मारल्या तेही लिही."

दुसऱ्या दिवशी लिहिलं. दूधवाल्यावर एकही नाही, कारण तो गोटूकडे लक्षच देत नाही. बाबांवर पाच. वरच्या मजल्यावरच्या इंदूबाईंवर चार.

बाबा सक्करदऱ्याच्या तलावावरून फिरून आले की छातीवर थाप मारायचे, "ये गा पोट्ट्या!" आणि त्याचे पाय खांद्यावर घ्यायचे.

"म्हणजे आरोपी मी?" बाबा म्हणाले.

"एक तुम्ही, काकाजी. दुसऱ्या वर राहतात."

इंदूबाई रोज दुपारी शेवटची पोळी गोटूसाठी आणतात. तो हिसकावतो म्हणून हात उंच धरतात, तो उडी मारून घेतो. जयाताईंनी खाली ठेवून द्यायला सांगितलं तर त्या चिडल्या.

"अन्न काय जमिनीवर टाकू वं? माझ्या हातून नाही होणार ते."

मला वाटलं आता वाद होणार. जयाताई म्हणाल्या, "बरोबर हाय, काकू. माझी मायही टाकू देत नव्हती."

दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या पुढ्यात एक जुना लाकडी पाट ठेवून त्या आल्या. दारापासून चार हात दूर तो मांडला, वर स्टीलची ताटली ठेवली.

इंदूबाई हसायला लागल्या. "आता याच्याभोवती रांगोळीही काढू का?"

"काढा. पण हा समोर बसल्याबिगर ताटलीत पोळी ठेवू नका."

पहिल्या दिवशी इंदूबाई पोळी घेऊन सात मिनिटं उभ्या होत्या. गोटूने उडी मारली की वळायच्या, तो थांबला की परत तोंड करायच्या. शेवटी तो थकून पाटासमोर बसला. पोळी ताटलीत पडली. तिसऱ्या दिवशी एक मिनिट लागलं.

वॉकरही जयाताईंनी आधीच मागून आणायला लावला. दोन दिवस तो हॉलमध्ये नुसता उभा होता, आजूबाजूला फुटाणे. मग मी तो सरकवला. मग बाबा तो धरून दारातून आत यायचा सराव करायला लागले. गोटू लवकर शिकला. बाबांचा हात मात्र दरवेळी छातीकडे जायचा.

"काकाजी, हात! आता तुमच्यासाठीबी फुटाणे आणू काय?"

बाराव्या दिवशी आत्या आली. दारातूनच हात पसरून "माझा गोटू!" म्हणून ओरडली आणि पुढच्या क्षणी सोफ्यावर आडवी होती. "हा काही सुधरत नाही," ती म्हणाली. मी रडवेली होऊन जयाताईंना फोन केला.

"आत्याले पाटाचं सांगितलं होतं काय?"

"नाही."

"मंग? दहा वेळा लक्ष नाही दिलं आन अकराव्या वेळी दिलं, तर तो काय शिकते? हेच, की अकरा वेळा उडी मारा लागते. दारावर कागद लाव. आन काकाजी येतील त्या दिवशी गोटूच्या गळ्यात दोरी असू दे, दुसरं टोक तुह्या पायाखाली. भरवसा ठेवायचा, पण दोरी सोडायची नाही."

मी कागद लावला: 'कुत्र्याकडे बघू नका, तो बसल्यावर बोला.' गॅसवाल्यानेही पाळला.

बाबा आले त्या दिवशी इंदूबाई पाटाजवळ पोळी घेऊन तयार होत्या. दोरी माझ्या पायाखाली. दाराबाहेर वॉकरची टकटक ऐकूनच गोटू थरथरायला लागला. दार उघडलं. त्याचे पुढचे पाय बोटभर उचलले गेले. दोरी ताणली नव्हती. पाय परत खाली आले. तो वळला, पाटासमोर जाऊन बसला आणि तिथूनच शेपटीने फरशी झाडत राहिला.

बाबा खुर्चीपर्यंत पोचले, सावकाश टेकले. मग तळहात गुडघ्याच्याही खाली नेऊन हळूच म्हणाले, "ये गा." गोटू चालत आला आणि त्या हातात तोंड खुपसलं.

आत्याचा फोन आला, गोटूला न्यायला येऊ का म्हणून. मी म्हटलं, "अंगणात वांगी लाव."

जयाताई तेव्हा दुसऱ्या घरी होत्या. त्यांना व्हिडिओ पाठवला. मला वाटलं गोटूचं कौतुक करतील. उत्तर आलं: "काकाजीचा हात पाहिला काय? खाली हाय. शाब्बास म्हणून सांग त्यायले."