धैदच्या वाटेवरची रुसलेली विहीर

या सदरातले बहुतेक लेखक आधी सांगतात की आपला असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि दुसऱ्या परिच्छेदात तो बसलेला असतो. माझा आजही नाही. भूत, करणी, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही, आणि ऐंशी ओलांडल्यावर नव्याने मानायला लागेन असंही वाटत नाही. तरी जून महिन्यातल्या एका दुपारी मी जे पाहिलं ते लिहून ठेवतो आहे... कारण ते पाहणारे आम्ही तिघंच होतो, आणि आता मी एकटा उरलो आहे.

साठच्या दशकातली मधली वर्षं. यूएई हे नाव अजून जन्माला यायचं होतं. आज माझी नात जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहते आणि नळ सुरू ठेवून फोनवर बोलते. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सो क्यूट, आजोबा!" त्यामुळे तुम्हाला सांगतो आहे.

तेव्हाचं शारजा म्हणजे खाडीकाठची मातीची घरं, एक बाजार आणि ब्रिटिशांचा विमानतळ. तिथून पूर्वेला, डोंगरांच्या दिशेने धैदची वाट जायची. वाट म्हणजे आधीच्या गाडीच्या चाकांचे ठसे. त्या वाटेवर, लँड रोव्हरने दोन-अडीच तासांवर सात-आठ घरांची एक वस्ती होती. पंचवीसेक खजुरीची झाडं आणि दगडांनी बांधलेली एक गोल विहीर. वस्तीपासून चारशे पावलांवर आमचे तंबू. एक ब्रिटिश कंपनी पाण्यासाठी बोअर घेत होती आणि मी तिचा कारकून. किती फूट खाली काय लागलं ते लिहायचं, मातीचे नमुने पिशव्यांत भरायचे, आणि उरलेला दिवस माशा मारायच्या.

आमचे साहेब मॅकार्डल. जन्माने आयरिश, पन्नाशीचे, अविवाहित. त्यांच्या सामानात कपड्यांची ट्रंक एक आणि पुस्तकांच्या दोन. त्या उघडल्या तेव्हा मला वाटलं, भूगर्भशास्त्र असेल. निघालं भलतंच. अर्धी पुस्तकं विधिपूर्वक करायच्या जादूवर होती, म्हणजे मंडल कसं आखायचं, तलवार कुठल्या हातात धरायची, कुठल्या वारी कुठला धूप. बाकीची युरोपातल्या जुन्या देवींवर, आणि आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या लोककथांवर. वाळवंटात वाचायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून मी ती सगळी वाचली. लोककथा आवडल्या. जादूच्या पुस्तकांबद्दल माझं मत असं झालं की यांच्यापुढे आपले भटजी म्हणजे अगदीच मोकळीढाकळी माणसं. प्रत्येक विधीला शंभर नियम, आणि फळ मिळालं नाही तर चूक करणाऱ्याचीच!

लोककथांतली एक गोष्ट एकाहून अधिक पुस्तकांत होती. तिकडे प्रत्येक विहिरीची एक मालकीण असते. विहिरीत कुणी काही घाण धुतलं की ती रागावते आणि पाणी घेऊन निघून जाते. तिची समजूत काढायची तर विहिरीभोवती तीन फेऱ्या घालायच्या, सूर्य फिरतो त्या दिशेने. म्हणजे थोडक्यात, आपली प्रदक्षिणा. उलटं फिरलं तर सत्यानाश.

आता चूक कशी झाली ते सांगतो. आमचे आचारी दाऊद चाचा दाभोळकडचे कोकणी मुसलमान. गल्फमध्ये दहा वर्षं काढलेली, अरबी फाडफाड. त्यांच्या मते डब्यातलं मटण हे अन्न नव्हे, शिक्षा होती. शारजाहून गाडी आली की तिच्यात बर्फात घातलेली ताजी मासळी असायची, आणि त्या दिवशी चाचांचा चेहरा ईदचा. त्या गुरुवारी कॅम्पातलं पाण्याचं पिंप रिकामं होतं, म्हणून चाचांनी मासळी थेट विहिरीवर नेली आणि काठावर बसून साफ केली. खवले, रक्त, सगळं त्या दगडांवर. कोकणातला माणूस पाण्याच्या काठी मासळी साफ करताना दुसरा विचार करतच नाही. पण ज्या वस्तीत मासा वर्षातून एकदा सुकवलेला येतो, तिथे...

वस्तीतली म्हातारी उम्म सालेम काठी आपटत आली. ती विहीर तिच्या आज्याने खोदलेली. ती बरंच बोलली. चाचा हसून म्हणाले, "अम्मा, तळली का तुला पण आणून देतो." आणि दिलीसुद्धा. म्हातारीने ताट तसंच वाळूत ठेवलं.

रविवारी विहिरीचं पाणी वीस हातांवरून सव्वीसवर गेलं. मंगळवारी बादलीत वाळू आली.

मला कारण स्पष्ट दिसत होतं. आमचा चौथा बोअर त्याच सुमारास खालच्या कठीण थरातून आरपार गेला होता. पाणी तिकडून कुठेतरी निसटलं असणार. साहेबांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच बोअर सिमेंटने बुजवला. नऊ दिवस गेले. विहीर कोरडीच. शारजाहून टँकर यायचा, पण तो माणसांना पुरेल एवढाच. खजुरींची पानं सुकायला लागली. उम्म सालेमचा मुलगा येऊन सांगून गेला की शुक्रवारपर्यंत वाट बघू, मग उंटांवर सामान लादून धैदला नातेवाइकांकडे. झाडं राहतील तशी राहतील.

चाचांनी जेवण सोडलं. म्हणजे आमचं करायचे, वाढायचे, स्वतः दोन घास खाऊन उठायचे.

"चाचा, तुमच्या मासळीने पाणी आटत नाही," मी म्हटलं. "आपल्या भोकाने आटलंय."

"भोक बुजवलास ना? मग पाणी खय हाय?"

"येईल. वेळ लागतो."

"कर्णिकभाऊ, तू शिकलेलास. पण ती बाय बोलत होती तवा मी हसलो. मी हसलो ना? भोक नाय हसला."



साहेबांना मात्र आयुष्यभर वाट पाहिलेली संधी मिळाली. रागावलेली विहीर! त्यांनी बुधवारी दुपारी मला बोलावून गंभीरपणे विचारलं, "कर्णिक, उद्या काय आहे माहीत आहे?" मी म्हटलं, डिझेल यायचं आहे. ते म्हणाले, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस.

गुरुवारी सकाळी सहाला विधी झाला. शारजाच्या शिंप्याकडून आणलेला पांढरा झगा, पायघोळ. आमच्या एका बलुची फोरमनने गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून ठोकून दिलेली तलवार. विहिरीभोवती चुन्याच्या फक्कीचं वर्तुळ, त्यात दुसरं वर्तुळ, मधल्या पट्टीत अक्षरं... मला शाळेचं कबड्डीचं मैदान आठवलं. लोबान मात्र उत्तम होता. तो त्या भागात स्वस्त. साहेब लॅटिनमधून, मग आयरिशमधून काहीतरी म्हणाले आणि सूर्याच्या दिशेने तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत झगा पायात अडकला.

चाचा माझ्या शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, "ह्या नाटकाला तिकीट हाय काय?"

काहीही झालं नाही. तासभर साहेब विहिरीत वाकून पाहत राहिले. मग तलवार काखोटीला मारून तंबूत गेले आणि पडदा ओढून घेतला. मला हसायला यायला हवं होतं. आलं नाही. पन्नास वर्षांचा माणूस दोन ट्रंका घेऊन अर्ध्या जगातून फिरला होता, एकदा कुणी 'ओ' देईल म्हणून.

बाकीचे कामगार पुढच्या बोअरवर. मी नमुन्यांच्या पिशव्या लिहीत बसलो होतो. अकराच्या सुमाराला चाचा माझ्यासमोरून गेले. एका हातात राखेची पाटी, दुसऱ्या हातात नारळाच्या काथ्याचा चोथा, आणि काखेत टँकरच्या पाण्याचा डबा. तो त्यांच्या वाटणीचा होता.

"कुठे निघालात?"

"भांडी घासायला."

मी मागोमाग गेलो. शेजारी पडलेलं साहेबांचं पुस्तकही नकळत हातात आलं.

चाचा विहिरीच्या काठाशी उकिडवे बसले. पांढरी फक्की उडाली होती, पण दगडांच्या फटींत मासळीचे वाळलेले खवले अजून चमकत होते. बोटांनी एकेक खवला काढून त्यांनी रुमालात बांधला. मग वाळू टाकून काठ घासायला सुरुवात केली. तोंड विहिरीकडे, उजव्या हातात चोथा, आणि एक दगड झाला की सरकायचे उजवीकडे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते उलटे फिरत होते.

"चाचा, दिशा चुकली," मी म्हटलं. माझा विश्वास नव्हता, तरी म्हटलं. "पुस्तकात दुसरीकडून सांगितलंय."

"पुस्तक लिवणाऱ्याला सांग, भांडी अशीच घासतात."

"आणि हे तुम्हाला चालतं का? देवी वगैरे..."

ते थांबले. "देवी-बिवी मना म्हाईत नाय. मी अल्लाला मानतो, तो बघतोय. पण माफी मागायला समोर देवच लागतो काय रे? म्हातारीच्या आज्याने हाताने खोदलान ही. मी तिच्या तोंडावर घाण केली." आणि पुन्हा घासायला लागले.

पहिली फेरी वाळूने. दुसरी राखेने. घासता घासता बोलत होते, रुसून बसलेल्या थोरल्या बहिणीशी बोलावं तसं. "चुकला गो माझा. पोटामागं लागलेला माणूस, काय कळतंय? आता नाय करणार. पोरां हायत इथं, झाडां हायत. मला काय ता शिक्षा दे, पण त्यांना कशाला..." तिसरी फेरी पाण्याने. त्यांचं प्यायचं पाणी, ओंजळीओंजळीने, प्रत्येक दगडावर.

मी काठावर वाकून उभा होतो. जूनमध्ये त्या भागात बाराला सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे विहिरीचा तळ लख्ख दिसत होता. कोरडी, भेगाळलेली रेती. तिसरी फेरी अर्ध्यावर आली आणि खालून माझ्या तोंडावर गार हवा आली.

गार म्हणजे... बाहेर तापमान पंचेचाळीसच्या वर असेल. ही हवा ओली होती. तिला हिरव्या गवताचा वास होता, पावसात भिजलेल्या, दाट गवताचा. असं गवत त्या वस्तीतल्या कुणी जन्मात पाहिलं नसेल. आजूबाजूला शंभर मैलांत ते नव्हतं.

मग रेती काळी झाली. कुठूनही धार नाही, आवाज नाही. नुसती काळी झाली, आणि तिच्या मधोमध आण्याएवढा सूर्य दिसला. तो वाढला. थाळीएवढा झाला. तो थरथरत होता आणि वर येत होता... विहिरीचे दगड एकामागून एक ओले होत होते, मी ते मोजले, सतरापर्यंत मोजले, मग मोजणं सुटलं. माझे गुडघे काठावर टेकलेले होते. केव्हा टेकले, आठवत नाही.

उम्म सालेम केव्हा येऊन उभी राहिली तेही कळलं नाही. ती विहिरीकडे पाहत नव्हती. चाचांकडे पाहत होती. चाचांना काहीच पत्ता नव्हता. त्यांचे शेवटचे चार दगड राहिले होते आणि ते मान खाली घालून धूत होते.

"चाचा," मी म्हटलं.  "चाचा, आत बघा."

त्यांनी शेवटचा दगड धुतला, आणि मग पाहिलं. पाहिलं आणि तिथेच वाळूत बसले.

म्हातारीने बादली सोडली. पूर्वी वीस हात दोर लागायचा. तेरा हातांवर बादली बुडाली. तिने ती वर काढली आणि सगळ्यात आधी चाचांपुढे धरली.

"मी? नको, अम्मा. मी कसा..."

"इश्रब!" म्हातारी ओरडली. पी! "माझ्या हातचं जेवण तू आजवर कधी नाकारलंस का? मग पाणी का नाकारतोस? यल्ला, चल!"

चाचा प्यायले. रडत होते, त्यामुळे अर्धं पाणी दाढीवरून गेलं. मीही प्यालो. गोड होतं, आणि दात सणकण्याइतकं गार.

त्या शुक्रवारी वस्तीतून कुणी हललं नाही.

पुढच्या साठ वर्षांत मी हे पाण्याच्या चार तज्ज्ञांना सांगितलं. बोअर बुजवल्यावर दाब परत आला, असं तिघं म्हणाले. मग नऊ दिवस एक थेंबही न येता पंधरा मिनिटांत हातांवर हात पाणी कसं चढलं, यावर ते म्हणाले की तुमची वेळ मोजण्यात गफलत असेल. असेल. आधीपेक्षा सात हात वर कसं आलं? त्यावर चौथा म्हणाला, डोंगरात पाऊस झाला असेल. जूनमध्ये! गवताच्या वासाबद्दल मी कुणालाच विचारलं नाही. मला त्यांचे चेहरे बघायचे नव्हते. माझ्याकडे स्वतःचं कुठलंही स्पष्टीकरण नाही, आणि कुणाचं पटतही नाही.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. आरडाओरडा ऐकून साहेब तंबूतून धावत आले, बनियनवर, अनवाणी. विहिरीत पाहिलं. माझा दंड धरला. 

"कर्णिक, तू इथे होतास? पूर्ण वेळ?"

"हो साहेब."

"तिला पाहिलंस? कशी दिसते ती?"

त्यांच्या तोंडाकडे बघून मला खोटं बोलावंसं वाटलं. सोन्याचे केस, पांढरं वस्त्र, पुस्तकात असतं तसं काहीतरी. पण जमलं नाही.

"मला फक्त पाणी दिसलं, साहेब. पाणी वर येताना दिसलं."

त्यांनी माझा दंड सोडला. मग म्हणाले, "आणि तू अजून विचारतोयस का, ती होती की नाही?"

मी काहीच विचारलं नव्हतं. तेव्हापासून मात्र विचारतो आहे.