दयाचा निळा हात

आमच्या पाचवी 'ब' वर्गाची पोरं अजून वर्षातून एकदा भेटतात, बहुतेक वेळा दया पाटलाच्या घरी, नवी मुंबईतल्या तळवली गावात. जेवण उरकतं, कुणाला तरी फोन नंबर लिहून द्यायचा असतो, खिशातून पेन निघतं आणि झालं! एक किस्सा संपायच्या आत दुसरा सुरू होतो. शाई सांडलेल्या वहीची पानं एकमेकांना चिकटतात ना, तसे हे किस्से आहेत. एक सोडवायला जावं तर चार हातात येतात.

लोकांना शाळेतली पेनं आठवली की गहिवरून येतं. तो शाईचा वास, त्या टीव्हीवरच्या जाहिराती वगैरे. मला गहिवरून येत नाही, भीती वाटते. मी जन्माचा भित्रा. आणि नव्वदच्या दशकातल्या आमच्या शाळेत पेन ही मुळात घाबरण्याचीच वस्तू होती.

*

आमच्या शाळेचा नियम असा होता की चौथीपर्यंत पेन्सिल, पाचवीत शाईचं पेन आणि बॉलपेन थेट आठवीत. बॉलपेनने अक्षर बिघडतं, असं आमच्या वर्गशिक्षिका प्रधान बाईंचं ठाम मत होतं. बाई कधी ओरडायच्या नाहीत. ओरडणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, तो कधी चिडलाय ते कळतं. बाईंचं काहीच कळायचं नाही, म्हणून मी त्यांना सकाळी साडेसातपासूनच घाबरून असायचो.

शाईच्या पेनाने लिहायचा पहिला दिवस. शुद्धलेखन झालं आणि बाई म्हणाल्या, "वह्या नंतर. आधी हात दाखवा."

माझ्या बोटावर एक ठिपका होता. शेजारी दयाने हात पुढे केला. करंगळीपासून मनगटापर्यंत अख्खी कड निळीशार! दया डावखुरा. डाव्या हाताने लिहीत पुढे जायचं म्हणजे आत्ता लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरूनच हात ओढत न्यायचा. पेन्सिलीला ते चाललं होतं, शाईला चालेना. वहीचं पान बघून बाईंनी शांतपणे विचारलं, "दयानंद, तू हे लिहिलंयस की सारवलंयस?"

"मी लिवतंय बाई, पन हात पुसतंय."

"मग उजव्या हाताने लिही."

दयाने उजव्या हाताने चार ओळी काढल्या. खाडीच्या चिखलावरून चिंबोरी खेकडा चालत गेल्यासारखं दिसत होतं. बाईंनी ते पान बघितलं, वही मिटली आणि वर्गाकडे वळून म्हणाल्या, "वार्षिक परीक्षेला पुसलेला पेपर माझ्याकडे आला तर मी तो तपासणार नाही. शून्य देईन."

सगळा वर्ग हसला, मी सोडून. कारण मला दयाच्या घरचं माहीत होतं. त्याच्या आईने घरात भांडून त्याला गावातल्या शाळेऐवजी आमच्या सेक्टरच्या शाळेत घातलं होतं. त्याचा बाप तिला म्हणाला होता, "एक वरीस बगू. नापास झाला तं नाव काडायचा." आणि दया शाळा सोडून गेला असता तर मधल्या सुट्टीत सातवीच्या पोरांनी माझं काय केलं असतं, याचा विचारही मला करवत नव्हता. माझ्या बाजूने उभा राहणारा सगळ्या शाळेत तो एकटाच होता.

*

आम्ही कोपरखैरण्याला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कंपनीत होते आणि आमच्याकडे नवा रंगीत टीव्ही होता. त्यावर त्या वर्षी एका बॉलपेनची जाहिरात लागायची. एक सुटाबुटातला माणूस कागदावर झरझर लिहितो, लगेच त्यावरून हात फिरवतो आणि तळवा आपल्याला दाखवतो. तळवा एकदम स्वच्छ.

दया ही जाहिरात बघायला दर रविवारी तळवलीहून चालत आमच्याकडे यायचा. कार्यक्रम चालू असला की तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा आणि ब्रेक लागला की आत येऊन टीव्हीसमोर मांडी घालून बसायचा. आईला वाटायचं, हा मुलगा लाजाळू आहे.

एका रविवारी जाहिरात लागली आणि माणसाने हात उचलताच लाईट गेली. दया अर्धा तास काळ्या टीव्हीसमोर बसून होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मंदार, त्याचा हात कोनता होता रं? डावा का उजवा?"

ते मी कधी बघितलंच नव्हतं. पुढच्या रविवारी दोघांनी नीट बघितलं. तो उजवाच होता. दया उठला, चप्पल घातली आणि चहा न घेता गेला. त्यानंतरही तो येत राहिला, पण त्या दिवशीचं त्याचं तोंड आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

*

दुसरी एक जाहिरात होती. त्यात पेन उंच इमारतीवरून खाली पडतं आणि तरीही लिहितं. दया म्हणाला, एवढं मजबूत पेन असेल तर त्याची शाईही मजबूत असणार, पुसणार नाही. हे शास्त्र मला पटलं. आता प्रश्न असा होता की आपलं पेन त्या जातीचं आहे का?

मला उंचीची भीती, म्हणून मी खाली उभा राहायचं आणि त्याने चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून पेन टाकायचं, असं ठरलं. मी डोक्यावर दप्तर धरून गेटपाशी उभा राहिलो. रविवार होता, सकाळचे दहा वाजले होते. त्या वेळी आमच्या गेटवर कोण बसायचं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. तिथे मासळीची टोपली घेऊन दयाची आई बसायची.

पेन आलं ते सरळ टोपलीत. टोपण उडालं, टाकी फुटली आणि तळमजल्यावरच्या जोशी काकूंनी हातात धरलेलं पापलेट त्यांच्या डोळ्यांदेखत निळं झालं.

काकू किंचाळल्या. दयाच्या आईने मात्र टोपलीतून पेन उचललं, पदराने पुसलं, वर गच्चीकडे बघितलं आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "दया, मना ठाव हाय तू हायस वर. मी नाय येत. तू खाली ये."

दया संध्याकाळी पाचला खाली आला. तोपर्यंत मी कुणी न विचारताच जोशी काकूंना, आईला, वॉचमनला आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोन बायकांना सगळं सांगून टाकलं होतं. दया त्यावर एवढंच म्हणाला, "तुजं बरंय. तुला मारायच्या आधीच तू सांगतंस."

*

दिवाळीत दादरच्या मामाने मला बॉलपेन दिलं. खटका दाबला की रिफिल बाहेर येणारं, आमच्या वर्गात कुणीच न बघितलेलं. मी ते दयासाठी दप्तरात लपवून नेलं. एवढं धाडस मी आयुष्यात त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही फारसं केलेलं नाही.

इतिहासाच्या तासाला बाकाखालून मी ते त्याच्याकडे सरकवत होतो आणि माझा अंगठा खटक्यावर पडला. टिक.

बाई फळ्यावर लिहीत होत्या. खडू थांबला. त्या वळल्यासुद्धा नाहीत. फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या, "ज्याने टिक केलं, त्याने परत टिक करावं."

सत्तावन्न मुलांच्या माना खाली गेल्या. खिडकीतून कंपनीचा वास येत होता, पण कुणी नाकाला रुमाल लावला नाही. दयाने माझ्या पायावर पाय दाबून धरला. म्हणजे गप्प राहा. मला ते कळत होतं. पण माझ्या अंगठ्याला कळत नव्हतं. टिक.

पेन बाईंच्या कपाटात गेलं. आणि दया मला महिनाभर "टिक" याच नावाने हाक मारत होता. आता दोन मुलांचा बाप आहे मी, तरी तळवलीत गेलो की त्याची म्हातारी आई विचारते, "टिक आला का?"

*

सव्वीस जानेवारीला आम्ही दोघं झेंड्यासमोर पहिल्या रांगेत होतो. सावधान झालं आणि मला छातीवर गार वाटायला लागलं. खिशातल्या पेनाचं टोपण सैल होतं. पांढऱ्याशुभ्र शर्टावर पहिल्यांदा बोराएवढा डाग आला, मग लिंबाएवढा. राष्ट्रगीत चालू. हलायचं कसं? मी नजर झेंड्यावर रोवली आणि आईला काय सांगायचं याचा विचार करत राहिलो. डाग पोटाकडे निघाला होता.

दया ओठ न हलवता म्हणाला, "हलू नको. मंग अजून सांडल."

मी हललो नाही. हेडसरांनी भाषणात मुलांच्या शिस्तीबद्दल नाराजी व्यक्त केली. कुणी हात खाजवत होतं, कुणी कुजबुजत होतं. "पण या पहिल्या रांगेतल्या मुलाकडे बघा," सर म्हणाले, "पापणीसुद्धा हलली नाही. ये बाळ, पुढे ये. सगळ्या शाळेला दिसू दे."

सगळ्या शाळेला दिसलं. पोरं हसायला लागली. मी रडायच्या बेतात आलो, तेवढ्यात दया न बोलावता रांगेतून बाहेर आला, माझ्याशेजारी उभा राहिला आणि आपला निळा हात उंच वर धरला. पोरांना कुणाला हसावं ते कळेना. हेडसरांनी भाषण तिथेच सोडून लाडू वाटायला सांगितले.

*

आणि मग एप्रिल आला.

मार्चपासून दया काहीतरी लपवत होता. मधल्या सुट्टीत वर्गातच बसायचा आणि मी गेलो की वही मिटायचा. शेवटी एकदा मी बघितलंच. त्याने शोधून काढलं होतं की ओळ उजव्या टोकापासून डावीकडे लिहीत आणली तर हात ओल्या शाईवर पडतच नाही. म्हणून तो उलटं लिहीत होता. आधी शेवटचा शब्द, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा. निबंध त्याने ओळीओळीने मागून पुढे पाठ केले होते. फक्त ओळीत किती शब्द मावतील याचा अंदाज चुकायचा, त्यामुळे कधी पहिला शब्द समासात जायचा, तर कधी सुरुवातीला चार बोटं जागा कोरी राहायची.

"बाई विचारतील," मी म्हटलं.

"इचारू दे. पुसलेला तं नसंल ना?"

मराठीच्या पेपरला वर्गावर प्रधान बाईच होत्या. दया माझ्या पुढच्या बाकावर एकटा बसला होता. त्याच्या खांद्यावरून मला त्याचा पेपर दिसत होता. स्वच्छ होता, पण भयंकर हळू चालला होता. अर्धा वेळ संपला तरी पहिलं पानच चालू होतं. एकेका ओळीआधी तो डोळे मिटून ओठ हलवायचा, मग शेवटचा शब्द लिहायचा. याचा पेपर काही पुरा होणार नाही, हे मला कळून चुकलं. पुसला तरी शून्य, नाही पुसला तरी नापास. मग नाव काढणार. माझं स्वतःचं लिहिणं थांबलं.

बाई फेरी मारत आल्या आणि त्याच्यापाशी थांबल्या. एक अख्खी ओळ त्यांनी उजवीकडून डावीकडे येताना बघितली. मग दुसरी बघितली.

"हे काय करतोयस?" त्यांनी हळूच विचारलं.

"उलटा लिवतंय बाई. म्हंजे हात नाय लागत." दया उभा राहिला. "मना नापास नका करू. बापूस नाव काडंल माजा."

बाईंनी त्याला खांद्याला धरून बसवलं आणि पेपर ओढून घेतला. मला वाटलं, संपलं.

बाई त्याच्या बाकावर कडेला टेकल्या. पेपरचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि पेपर आडवा फिरवला, इतका की ओळी वरून खाली जायला लागल्या. मग दयाचं पेन उचललं आणि डाव्या हातात धरलं. वर्षभर आम्ही त्या हातात डस्टरशिवाय काही बघितलं नव्हतं. त्यांनी दयाचं पूर्ण नाव लिहिलं, वरून खाली. शाई वर राहत गेली आणि हात खाली येत गेला. कुठेही डाग नाही. फळ्यावर बाईंचं अक्षर ताठ, मोजून काढल्यासारखं असायचं. हे गोल होतं, मोकळं होतं आणि एका दमात आलं होतं.

"असं लिही," त्या म्हणाल्या आणि पेन त्याच्या डाव्या हातात दिलं. दयाने पेपर आडवा धरला आणि लिहायला लागला. पहिला शब्द पहिल्यांदा.

बाई उठल्या, वळल्या आणि त्यांना मी दिसलो. मी मान खाली घातली, पण उशीर झाला होता. त्या माझ्या बाकापाशी आल्या. माझी शिक्षा ऐकायला मी तयार होतो.

"मंदार," बाई अगदी हळू म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस हं."

मी वर बघितलं. बाईंनी डावा हात पदराखाली घेतला होता आणि त्या दाराकडे बघत होत्या.