आमी तुमचंच की

कोल्हापूरला आमच्या चर्चमागं पूर्वी ऊस होता. लोखंड ओतायच्या फौंड्र्या वाढत गेल्या तसा तो गेला आणि पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. खेड्यांतून कामाला आलेली माणसं त्यांत राहायला आली. रविवारी उपासनेला बसलं की त्यांच्या चुलींचा धूर खिडकीतून आत यायचा. या वस्तीपर्यंत चर्चच्या मंडळीनं पोचलं पाहिजे, असं आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, मनावर घेतलं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची, शाळेत शिक्षिका आणि चर्चच्या पंचांच्या कमिटीची चिटणीस. घरोघरी जाऊन ओळख करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

शेवटच्या खोलीत भिंतीवर लाकडी क्रूस दिसला. घरातली बाई माझ्याच वयाची होती.

"आमी बी ख्रिस्तीच, बाई," ती म्हणाली. "मलकापूरकडचं."

"मग चर्चला का येत नाही?"

"तिथं सगळी शिकल्याली माणसं. आमाला कोन वळखतंय?"

तिची चार वर्षांची मुलगी न विचारता माझ्या मांडीवर येऊन बसली आणि माझं पेन घेऊन वहीच्या कडेला रेघा ओढायला लागली. मी म्हटलं, "रविवारी या. मी दारात थांबते."

ती, तिचा फौंड्रीत कामाला असलेला नवरा आणि मुलगी, अशी तिघं आली. मागच्या बाकावर बसली. उपासना सुटल्यावर लोक आपापल्या ओळखीच्यांशी बोलत राहिले, त्यांच्याशी फक्त मी बोलले. पुढच्या रविवारीही आली. नंतर पोरीला ताप भरला, असं कळलं. शाळेच्या परीक्षा चालू होत्या. उद्या जाते, परवा जाते, असं म्हणत मी गेलेच नाही.

त्या शनिवारी कमिटीची बैठक होती. पाळकसाहेब मिरजेला गेले होते, म्हणून सर्वांत वडीलधारे पंच अध्यक्ष होते. वस्तीत बालवाडी कुठं सुरू करायची, शिवणवर्ग कोण घेणार, अशी चर्चा अगदी रंगात आली होती. तेवढ्यात त्या मुलीचा बाप दारात येऊन उभा राहिला. अंगावर फौंड्रीतलेच काळे कपडे.

"साहेब, पोर गेली माझी सकाळी. आपल्या मसनवट्यात जागा पायजे हुती."

मग अध्यक्षांनी हळू आवाजातच विचारलं, "गावच्या मंडळीचं सभासदत्वाचं पत्र आणलंय का? तुमचं नाव आमच्या सभासदांत नाही."

"पत्र गावाकडं हाय, साहेब. आमी तुमचंच की."

"पत्र मागवून घ्या. एकदा नियम मोडला, की कुणालाच नाही म्हणता येणार नाही."

तो माझ्याकडे बघत होता. त्या खोलीत त्याच्या घरचं पाणी प्यायलेली मी एकटी होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की मी यांना ओळखते. अध्यक्षांनी मला शाळेत शिकवलं होतं, त्यांच्यासमोर उलट बोलायची सवय नव्हती. मी मान खाली घातली. तो थोडा वेळ थांबला, "बरं" म्हणाला आणि गेला. पोरीला त्यानं ओळखीच्या एका ट्रकमधून, पावसात, गावी नेलं.

पाळकसाहेब सोमवारी परतले. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू होतीस ना तिथं?"

आम्ही दोघं लगेच वस्तीत गेलो. खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "ती आता येतील असं वाटत न्हाय." पाळकसाहेब त्यांच्या गावी जाऊन आले. मुलीच्या आईबापांनी त्यांच्याबरोबर प्रार्थना केली, पण कोल्हापूरला परत यायला नको म्हणाले. पुढच्याच बैठकीत पत्राची अट काढून टाकली गेली. अध्यक्षांनीच तो ठराव मांडला.

बालवाडी सुरू झाली, चांगली चालली. मी तिथं बरीच वर्षं शिकवलं. लोक माझं कौतुक करायचे, तेव्हा उठून जावंसं वाटायचं.

पुढं एकदा मलकापूरच्या बाजारात त्या मुलीची आई दिसली. कडेवर तान्हं मूल होतं. तिनंच हाक मारली, माझी, शाळेची चौकशी केली. मुलीचा विषय तिनं काढला नाही. मला माफी मागायची होती. शब्द तोंडापर्यंत आले, तेवढ्यात तिची एस्टी लागली.

"येतो बाई," ती म्हणाली. "तुमी एकट्याच आलतासा आमच्याकडं."

हे ती खरोखर मायेनं म्हणाली. मी तिथंच रस्त्यात उभी राहून रडले.